उजव्या कोपऱ्यातली चौकट

माझ्या धाकट्याला कसली म्हणून लाज नाही. थोरला एकेक ओळ हातानं लिहून लोकांच्या वेबसाइटी बांधायचा, त्याच्याच हाताखाली हा शिकला. मग यानं माऊसनं चौकटी ओढून पान जुळवायचं सॉफ्टवेअर आणलं आणि म्हणाला, "दादा, आता तुझं काम नाही." थोरला भरल्या ताटावरून उठून गेला, तो परत आलाच नाही.

आज भरदुपारी धाकटा पान जुळवत होता. एक रिकामी चौकट त्यानं डावीकडे ओढली. ती हळूहळू उजव्या कोपऱ्यात गेली, थोरला ठेवायचा तिथंच.

"आई, सॉफ्टवेअर बिघडलंय."

"मग तुला घाम कशाला फुटलाय, मेल्या?"

त्यानं पुन्हा ओढली, ती पुन्हा गेली. मी माऊसची वायर उपटली आणि माऊस मुठीत घट्ट धरला. धाकट्यानं हात मांडीवर ठेवले. चौकट तरीही सरकली, आणि तिच्यात अक्षरं उमटायला लागली. एकेक, सावकाश, हातानं लिहावीत तशी.

धाकटा रडवेला झाला. "आई, काढून टाकू का गं हिला?"

"भावाला काढलंस, तेवढं पुरे," मी म्हणाले. "ऊठ आता. त्याला बसू दे."