यंदाचा नाताळ

फोन वाजला तेव्हा मीनल देवदत्तदादांच्या स्वयंपाकघरात चहा गाळत होती. सुधावहिनी खुर्च्या आणायला तळघरात गेल्या होत्या आणि बाहेरच्या खोलीत दादांचा शास्त्रपाठ रंगात आला होता. त्यात व्यत्यय नको म्हणून तिनेच पॅसेजमध्ये जाऊन रिसीव्हर उचलला.

"फ्राउ साळवे?" पलीकडे ट्रॅव्हल एजन्सीतली बाई होती. आपण सुधावहिनी नाही, हे मीनल सांगायच्या आत ती बोलायलाही लागली. शनिवार होता, तिला दुकान बंद करायची घाई. अठरा डिसेंबरचं मुंबईचं विमान दुपारऐवजी सकाळी सुटणार होतं. तिकिटं तीच, मुलासकट तिघांची. परतीची तारीखही तीच, सात जानेवारी. "तुमचं बुकिंग मे महिन्यातलं ना, म्हणून मुद्दाम कळवलं."

"डांके," मीनलने आभार मानले आणि रिसीव्हर जागेवर ठेवला. चहा तसाच राहिला.

बाहेरच्या खोलीत नऊ माणसं दाटीवाटीने बसली होती. सगळी नगर-पुण्याकडची, ख्रिस्ती घरांतली, नोकरीसाठी जर्मनीत, इंगोलश्टाटला आलेली. प्रभू परत येतोय, यंदाचा नाताळ आपण त्याच्या राज्यात करणार, असं देवदत्तदादांनी ईस्टरला सांगितलं होतं आणि या माणसांनी ते मानलं होतं. संपदाने ठरलेलं लग्न पुढे ढकललं होतं. तीस वर्षांपूर्वी इथे आलेल्या दीनानाथकाकांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख रद्द केली होती. राज्यात डोळे नवेच मिळतील, असं ते हसून सांगत.

मीनलची आई ऑगस्टमध्ये नगरच्या दवाखान्यात होती. जाऊ का, असं तिने दादांना विचारलं होतं. "शिष्यांना आज्ञा काय होती?" दादा म्हणाले होते. "शहर सोडून जाऊ नका. आता कुणी पांगायचं नाही, मीनल. आई तुला राज्यातच भेटेल." मीनल गेली नाही. अकराव्या दिवशी आई गेल्याचा भावाचा फोन आला.

आता दादा पुन्हा उठलेला प्रभू आणि त्याचे शिष्य यांच्या डोंगरावरच्या शेवटच्या भेटीबद्दल सांगत होते. "जाळी टाकून आलेली साधी माणसं. डोक्यावर रोमी शिपाई. गुरू क्रुसावर गेलेला त्यांनी पाहिला, तो उठलेलाही पाहिला. आणि तरी विचारतात काय? प्रभू, राज्य आता येणार ना? ही आशा, ही! सगळं सोडल्याशिवाय अशी आशा..." त्यांचं लक्ष दारातल्या मीनलकडे गेलं. "कुणाचा फोन होता गं?"

"ट्रॅव्हल एजन्सीचा," मीनल म्हणाली. "अठरा डिसेंबरचं तुमचं मुंबईचं विमान सकाळी निघणार आहे, दादा. दुपारी नाही."

संपदाने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर अजून ऐकतानाचं हसू होतं, ते पुसायचं राहून गेलं होतं.

"ते... सुधाच्या आईंना बरं नसतं हल्ली," दादा म्हणाले. "म्हणून आपलं तिकीट काढून ठेवलंय. राज्य येणारच आहे. त्यात शंका नाही."

"पेत्राची सासूसुद्धा तापाने पडली होती ना," मीनल म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा शांत निघाला. "तेव्हा प्रभू स्वतः तिच्या उशाशी गेला होता. ऑगस्टमध्ये हे का नाही आठवलं तुम्हाला?"

दादांनी पुढ्यातलं पान उलटलं, पुन्हा मागे घेतलं.

"मीनल," दीनानाथकाकांनी आवाजाच्या रोखाने मान वळवली. "परतीचंही तिकीट आहे का गं?"

"सात जानेवारीचं, काका."

काकांनी मान हलवली, हळूहळू, दोन-तीनदा. मागे सुधावहिनी खुर्च्या घेऊन कधीच्या येऊन उभ्या होत्या. मीनलला वाट देताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

मीनलने खुंटीवरचा कोट काढला आणि जिन्यात येऊन नवऱ्याची वाट पाहत थांबली. उल्हास लगेच आला नाही. आला तेव्हा त्याने दार पाठीमागे नुसतं लोटून घेतलं. कोट घातला नव्हता.

"चल," ती म्हणाली.

"सगळ्यांसमोर असं बोलायला नको होतंस."

"तिकिटं मेमध्ये काढलीत, उल्हास. मे महिन्यात!"

"हो." तो कठड्याला टेकला. "माहीत होतं मला."

"कसं?" मीनलने विचारलं.

"आमचं ऑफिस एकच ना. रजेच्या अर्जावर फेरट्रेटुंग म्हणून माझीच सही आहे. दादा नसताना त्यांचं काम मी बघणार होतो."

"मी आईकडे जाऊ का म्हणून रडत होते, तेव्हाही माहीत होतं?"

"राज्य येणार, हे मला खरं व्हायला हवं होतं गं," उल्हास म्हणाला. "तू गेली असतीस तर मीही आलो असतो तुझ्याबरोबर. आणि मग उरलंच काय असतं?"

आत खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले. मग दादांनी गीताची पहिली ओळ एकट्यानेच उचलली. थोडा वेळ कुणी साथ दिली नाही. नंतर एक आवाज मिळाला, मग आणखी एक. उल्हास तिच्याकडेच बघत होता, पण त्याचे ओठ हलायला लागले होते, अगदी बारीक, त्या शब्दांबरोबर.

मीनलने ते पाहिलं आणि कोटाची बटणं लावायला घेतली.