गैरहजर तो राजी

"ही खाली दुकानं, वर पर्यटकांच्या खोल्या, इथे बाग आणि हा होड्यांचा धक्का." साहेबांनी नकाशावरून पेन्सिल फिरवली. "एकही झाड तोडायचं नाही. तळ्यात घाण जाऊ द्यायची नाही."

"आन आमची वाडी?" फुलाबाईने विचारलं.

पेन्सिल थांबली. बौद्धवाडीच्या जागी एक चौकोन होता आणि त्यात 'वाहनतळ' असं लिहिलं होतं.

"तुम्हाला डोंगरापलीकडे जागा मिळेल. चांगली जागा आहे."

"चांगली हाय तर मोटारी तितं लावा."

शाळेच्या पडवीत हशा पिकला. साहेबही हसले. माणूस वाईट नव्हता. पुण्यात बसून मुळशीचा काठ आखत होता, एवढंच.

वाईट होती ती नोटीस. आठ दिवसांपूर्वी चावडीवर लागली होती. काठावरच्या सामायिक जमिनीचे सात खातेदार. जो समक्ष हजर राहून विरोध नोंदवणार नाही, तो राजी धरला जाईल. एक जरी राजी निघाला, तरी वाडी उठणार. तेव्हापासून वाडीत कुणाला जेवण गोड लागलं नव्हतं.

"दुकानं आमाला चालवू द्या, खोल्या आमाला बांदू द्या," फुलाबाई म्हणाली. "मग काडा की नकाशा. बागेला कोन न्हाई म्हनतंय?"

"बाई, तुमचं नाव यादीत नाही. मध्ये बोलू नका."

"नाव नसंल. तोंड हाय."

साहेबांनी सातबाऱ्यावरून उतरवलेली यादी काढली. शेजारच्या खुर्चीत सरपंच हैबतराव बसले होते. ओळख पटवून सही करायचं काम त्यांचं. नकाशातलं हॉटेल त्यांच्याच माळावर येणार होतं, त्यामुळे वाडीचा त्यांच्यावर काडीचा भरवसा नव्हता.

"कोंडीराम?"

"हजर." टोपीवाला एकजण उठला. "माजी मंजुरी न्हाई."

"ओळखता?" साहेबांनी विचारलं.

हैबतरावांनी त्या माणसाकडे बराच वेळ पाहिलं. फुलाबाईने पदर मुठीत आवळला.

"ओळखतो की," हैबतराव म्हणाले आणि सही केली.

"गंगूबाई?"

कडेवर लेकरू घेतलेली एक बाई पुढे आली. "हजर. जमीन द्यायची न्हाई."

बहिरू, चंद्राबाई, भिवाजी, रत्नाबाई. एकेक उठत होतं, ताठ मानेने नाही म्हणत होतं. रत्नाबाईच्या वेळी तर आवाज इतका खणखणीत आला की साहेब दचकले. फुलाबाईचा ऊर भरून आला.

"तुमच्याकडचे खातेदार बरेच तरुण दिसतात," साहेब म्हणाले.

"हवा चांगली हाय," हैबतराव म्हणाले.

"शेवटचं नाव. आनंदा?"

कुणीच उठलं नाही.

"आनंदा?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. जी उठायची ती सगळी उठून झाली होती. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "गैरहजर लिहितो."

"थांबा," हैबतराव म्हणाले. ते उठून पडवीच्या टोकाला गेले आणि काठाकडे तोंड करून ओरडले, "आरं ए आनंदा! जाळं ठिव आन वर ये!"

खाली जाळं धुणाऱ्या माणसाने वर पाहिलं, हाक कुणाला म्हणून मागे वळून पाहिलं, मग पुन्हा हैबतरावांकडे पाहिलं. ओल्या पायांनी तो वर आला. सगळ्यांचे चेहरे बघून त्याला काय उमजायचं ते उमजलं.

"हजर," तो म्हणाला. "मीबी न्हाई देत."

हैबतरावांनी सातवी सही केली. साहेबांनी कागद आवरले. सातच्या सात विरोध, आता वरून काही करता येणार नव्हतं. जीप धूळ उडवत पौडच्या रस्त्याला लागली.

"सरपंच, तुमचं हाटेल गेलं की," फुलाबाई म्हणाली.

"माज्या बाचं घर हाय ह्या धरनाच्या पान्याखाली. त्येला कुनी इचारलंबी न्हवतं," हैबतराव म्हणाले. मग त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "पर फुलाबाई, साहेब गप बसायचा न्हाई. उद्या ह्या सातजनांची समजूत काडायला आला म्हंजी?"

"काडू द्या की," फुलाबाई म्हणाली. "सातीजनांना मसनात पोचवून आमाला वर्सं झाली. समजूत काडायची तर त्यानं तितं जावं."