लाल डबा

"नाजूक कातडीसाठी आहे का हो एखादा?" घड्याळजीने विचारलं आणि लगेच मागे वळून पाहिलं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

वय वर्षं बेचाळीस. डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस दाढीचा साबण मागताना मात्र चोरासारखा उभा होता. खरं तर तो वडिलांसाठी आला होता. त्यांचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये, दाढी आठ दिवसांची. आज ती मुलाने करून द्यायची होती. त्यांच्या लाल डब्यात साबणाची जेमतेम कपची उरलेली दिसली, म्हणून कोणाला न विचारता तो त्यांच्या नेहमीच्या दुकानात शिरला. लाल डबा मागून घेतला. आणि मग बराच धीर करून हे स्वतःसाठी विचारलं.

वडील ओतकामाच्या कारखान्यात फोरमन होते. भट्टीसमोर तीस वर्षं उभे राहिलेले. कारखान्यात त्यांना 'पोलाद' म्हणायचे, आणि त्यांना ते आवडायचं. मुलाला मिसरूड फुटलं तेव्हा त्यांनीच लाल डबा त्याच्या हातात ठेवला होता. "साबण कसा, झोंबला पाहिजे! आणि ज्याचा त्याने वापरायचा. माझ्या डब्याला हात लावायचा नाही."

तेव्हापासून सव्वीस वर्षं तो रोज न्हाणीघराची कडी लावून, नळ पूर्ण सोडून दाढी करत आला होता. नळ अशासाठी, की दातांतून निघणारं 'स्स' बाहेर जाऊ नये. हनुवटीवर पुरळ, गळ्यावर चट्टे. बायकोने विचारलं की सांगायचा, इथलं पाणी मानवत नाही. आणि बाहेरून वडील रोज न चुकता ओरडायचे, "अरे, तो नळ बंद कर! पाणी काय वर आलंय?"

दुकानदाराने तीन वड्या काढून काचेवर मांडल्या.

"हा वासाचा. नकोच, वासाचेच जास्त झोंबतात. हा मऊ आहे, पण फेस टिकत नाही, पातं ओढतं." त्याने तिसरी, पांढरीफटक वडी पुढे सरकवली. "हा घ्या डोळे मिटून. तुम्ही फोरमनसाहेबांचे ना? नाक तेच आहे. त्यांचाही हाच."

"ते लाल वापरतात."

"डबा लाल," दुकानदार म्हणाला. "आत ही वडी. डबा घेऊन येतात, मी कडा ताशून बसवून देतो. पंचवीस वर्षं तरी झाली. भट्टीने कातडी खाल्लीये हो त्यांची. लाल लावला की दिवसभर तोंड पेटतं म्हणतात. का, तुम्हाला माहीत नाही?"

दाखवायचे दात वेगळे असतात हे घड्याळजीने ऐकलं होतं. पण ते आपल्याच घरात, रोज सकाळी, शेजारच्या खोलीत घासले जात असतील हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्याने दोन्ही साबण घेतले. सुटे पैसे उचलायचे राहिले, दुकानदाराने हाक मारून दिले.

घरी वडील खिडकीपाशी खुर्ची ओढून, गळ्याला टॉवेल गुंडाळून तयारच होते.

"माझा डबा आण. आणि हात हलका ठेव, घड्याळ उघडतोयस असं समज."

त्याने आणला. पण त्यांचा नव्हे, पिशवीतला कोरा. अंगाची नुसती लाही होत होती. ब्रश गरम पाण्यात बुडवून त्याने फेस काढला, चांगला दाट, आणि दोन्ही गालांवर, गळ्यावर भरपूर फासला. बघू या पोलाद.

दहा आकडे मोजेपर्यंत काही झालं नाही. मग वडिलांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट आवळला. फेसाच्या वरची, डोळ्यांखालची कातडी लालबुंद झाली. डोळ्यांत पाणी तरारलं. हूं नाही की चूं नाही. ते नुसते समोर बघत राहिले, आणि त्या बघण्याने घड्याळजीचा राग कुठल्या कुठे गेला. हे त्याने पाहिलेलं होतं. रोज, आरशात.

"बाबा, पुसतो थांबा," म्हणत त्याने टॉवेल भिजवला.

"हा कुठला लावलास?"

"लाल. डब्यावर नाव आहे तोच."

वडिलांनी कोऱ्या डब्याकडे पाहिलं, मग पिशवीतून डोकावणाऱ्या पांढऱ्या वडीकडे. त्यांना सगळं कळलं. अर्धा चेहरा पुसून झाला होता, अर्ध्यावर अजून फेस.

"तू हाच लावतोस? अजून?"

"तुम्हीच दिला होता."

"दिला होता. पण मला सोसेना. आणि तू सोळा वर्षांचं पोर, तुला काही होतच नव्हतं. एका शब्दाने कधी बोलला नाहीस. म्हटलं, पोरासमोर कुठल्या तोंडाने सांगू, की..." त्यांची नजर मुलाच्या हनुवटीवर गेली, तिथून खाली गळ्यावरच्या चट्ट्यांवर. इतक्या जवळून त्यांनी ते कधी पाहिले नसावेत.

पुसायचं तसंच राहिलं. वडिलांनी मान वळवून न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं.

"म्हणजे तो नळ..." ते म्हणाले.