बाभळीचा काटा

हिलारिओच्या पत्राला बाबालालनं उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं उन्हाळ्यात, आता भातकापणी उरकत आली होती. द्यायचंही नव्हतं. ग्रामोफोनच्या पेटीखाली ते दडपून पडलं होतं.

आज मात्र मनाला एक शंका चाटून गेली. कदाचित तबकडी ऐकताना आपलेच कान चुकले असतील. बाबालालला आयुष्यभर स्वतःबद्दल अशीच शंका येत आली होती. पौडच्या घराच्या ओसरीवर बसून त्यानं बाभळीचा सुका काटा पॉलिशपेपरवर घासून टोकदार केला. पोलादी पिननं तबकडी झिजते. पिनेऐवजी काटा लावला की काटा झिजतो, तबकडी राहते. हे त्याला हिलारिओनंच शिकवलं होतं.

मुंबईत गोदीत कारकुनी करताना बाबालाल संध्याकाळी एका हॉटेलच्या मागच्या दाराशी उभा राहायचा. आत जायची छाती नव्हती. आत बँडमध्ये गोव्याचा हिलारिओ ट्रंपेट वाजवायचा. एकदा तो विडी ओढायला बाहेर आला आणि या भिडस्त माणसाला आपल्या खोलीवर घेऊन गेला. त्यानंतर कित्येक रविवार दोघांनी जाझच्या तबकड्या ऐकण्यात घालवले. हिलारिओचे नियम दोनच. काटाच लावायचा. आणि कानावर पडेल तेवढंच बोलायचं, मनातलं त्यात घालायचं नाही. "बरोबर ऐकलंस," असं तो म्हणाला की बाबालालचा आठवडा सोन्याचा जायचा.

देश सोडून निघालेल्या एका साहेबाच्या सामानातून मिळालेली, आर्मस्ट्राँग या अमेरिकन ट्रंपेटवाल्याची तबकडी हा बाबालालच्या ट्रंकेतला दागिना. गेल्या हिवाळ्यात हिलारिओ एसटीनं पौडला आला आणि ती महिनाभरासाठी मागून घेऊन गेला. माझी फुटली, म्हणाला. बाबालालनं ती धोतराच्या फडक्यात गुंडाळून दिली. वर काडेपेटीत घालून ताजे काटे दिले.

तबकडी परत आली तेव्हा काडेपेटीतले काटे जसेच्या तसे होते. एकाचंही टोक बोथट झालेलं नव्हतं. काळ्या तबकडीची झळाळी मात्र गेली होती, रेघा राखेसारख्या करड्या पडल्या होत्या. आणि सोबत रोमन अक्षरांतलं मोडक्या मराठीतलं ते पत्र. 'तबकडी पाठवली. कशी वाजते ते लिही. सुरुवातीपासून लिही, घाई करू नको.' आधी घर जाळायचं आणि मग विचारायचं, ऊब लागली का.

बाबालालनं चावी भरली, काटा टेकवला. शेवटाकडे, जिथं ट्रंपेट वर वर चढत जातं, तिथं तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी नुसती चरचर. कान चुकले नव्हते.

अंगणात त्याची बायको जैनबबी तांदूळ पाखडत होती. तिनं सूप थांबवलं.

"लावलंय का ते?"

"मघापासून लावलंय."

"मला वाटलं बंदच हाय. त्या काट्यानं मला कवाधरनं काई ऐकू येत न्हाई. तुमी डोळं मिटलं की म्या समजते, वाजतंय."

"मग सांगायचं नाहीस?"

"सांगून? माज्यासाठी पिन लावली असती व्हय तुमी?" असं म्हणून ती पुन्हा पाखडायला लागली.

बाबालालला गेल्या हिवाळ्यातला, एसटीच्या थांब्यावरचा हिलारिओ आठवला. प्रत्येक बोलण्याला हसून मान हलवत होता. डोळे मात्र सारखे बाबालालच्या ओठांवर.

त्यानं पेटीखालचं पत्र ओढून काढलं. कशी वाजते ते लिही. एवढंच तर विचारलं होतं. हिलारिओला ऐकू येत नव्हतं. काट्याच्या मऊ आवाजात त्याला काहीच मिळालं नसणार, म्हणून त्यानं पोलादी पिन लावली असणार, आणि त्यातूनही जेमतेमच काही कानांवर आलं असणार.

तरी राग गेला नाही. तबकडीचा होता तो कमी झाला आणि त्याच्या जागी दुसरा येऊन बसला. ज्यानं ऐकायला शिकवलं त्यानं एवढी एक गोष्ट सांगितली नाही. स्वतःचीही पिननंच झिजवली असणार, आणि फुटली म्हणाला.

बाबालालनं नवा काटा घासला, अंतर्देशीय पत्र मांडीवर घेतलं आणि तबकडी पहिल्यापासून लावली. थांबवत, मागं नेत, चावी भरत तो लिहीत गेला. आधी पियानो. मग ढोलावरचे ब्रश, खराट्यानं अंगण झाडावं तसे. जे कानावर पडलं तेच. चरचर सुरू झाली तेव्हा त्यानं कागदावरून लेखणी उचलली. मग लिहिलं, 'इथं ट्रंपेट वर चढतं. एका दमात, कुठं डाग नाही.'

टपालाच्या पेटीपाशी कोंडिबा पोस्टमन थैली भरत होता. तबकडी खराब होऊन आल्याचं साऱ्या आळीला ठाऊक होतं.

"गोव्याच्या मास्तरला लिवलं वाटतं, चाचा. घातल्या का न्हाई चार शिव्या?"

"नाही."

"मंग एवढं बारीक काय लिवलंय?"

"तबकडी कशी वाजते ते."

"कशी वाजते?"

बाबालालनं पत्र पेटीच्या तोंडात अर्धं सरकवलं होतं.

"चांगली वाजते," तो म्हणाला, आणि सोडून दिलं.