जोडीदाराच्या गोळ्या

"पुन्हा तूच?" अधीक्षिका गोखलेबाईंनी नाक मुरडलं. "कुठे शेण खाल्लंस?"

द्वारकाला त्यांची कीव आली. दोन वर्षांत तिने महिलाश्रमाचं फाटक ओलांडलं नव्हतं, हे बाईंनाही पक्कं ठाऊक होतं.

तपासणीच्या यंत्रातून चिठ्ठी बाहेर आली. बाईच्या अंगात शरीरसंबंधातून लागणारा परजीवी सापडला, की तो कोणाच्या अंगातून आला तेही हे यंत्र सांगायचं. नव्या डॉक्टर मुमताज यांनी नाव मोठ्याने वाचलं. आश्रमाचे अध्यक्ष, अण्णासाहेब.

"यंत्र बिघडलंय," बाई पुटपुटल्या.

"हिच्या मागच्या तिन्ही चिठ्ठ्यांवर हेच नाव होतं. तुम्ही त्या दाबल्यात. मी पोलिसांना कळवलंय." मग डॉक्टर द्वारकाकडे वळल्या. "ही तुझी गोळ्यांची पुडी. दुसरी अण्णासाहेबांची, वर त्यांचं नाव लिहिलंय. त्यांनी घेतल्या नाहीत, तर त्यांच्याकडून आणखी कुणाला तरी होईल."

"त्यांची मीच देते," द्वारका म्हणाली.

सभागृहात अण्णासाहेब आश्रमातल्या बायकांना चारित्र्याचं महत्त्व सांगत होते. शेजारी त्यांच्या पत्नी सुमतीबाई बसल्या होत्या. द्वारका सरळ व्यासपीठावर चढली आणि तिने पुडी अण्णासाहेबांपुढे टाकली.

"तुमच्याकडून मला लागलेल्या रोगाचं औषध. जेवल्यावर घ्या."

सगळ्या बायका अण्णासाहेबांकडे बघत होत्या, आणि एकीनेही मान खाली घातली नाही.

सुमतीबाईंनी पुडीवरचं नाव वाचलं. नवऱ्याकडे न बघता त्या उठल्या आणि द्वारकाजवळ आल्या.

"डॉक्टर कुठे बसतात गं?" त्यांनी विचारलं. "मलाही तपासून घ्यायचंय."