खुर्चीवरचे फादर

“हा डावीकडचा झोपेत घोरायचा,” म्हातारे फादर म्हणाले.

धर्मप्रांताच्या जुन्या कागदपत्रांची देखभाल ती करत असे. तिला घोरणं नको होतं, नाव हवं होतं. समोरच्या जुन्या फोटोत सगळे फादर सारख्याच पायघोळ झग्यात, सारख्याच दाढ्यांत. त्यांतले हयात एवढे एकटेच, निवृत्त धर्मगुरूंच्या निवासात खिडकीशी बसलेले. ते आधी प्रत्येकाची खोड सांगत, मग नाव. मागच्या रांगेतल्या काटकुळ्या तरुणापाशी आल्यावर म्हणाले, हा मी, पुढे चल.

सगळी नावं झाली. तिने पेन खाली ठेवलं. आता विचारायचं होतं ते कामाचं नव्हतं, घरचं होतं. तिचे वडील लहानपणी साथीच्या तापात पोरके झाले. त्यांनाही तापाने गाठलं. तेव्हा एका फादरांनी त्यांना पाठीवर घेऊन दवाखाना गाठला, उतार पडेपर्यंत उशाशी बसून रात्री काढल्या, आणि पोर धड शुद्धीवर येण्याआधीच ते बदली होऊन गेले. नाव कळलंच नाही. गुंगीत पाहिलेला चेहरा तेवढा मनात राहिला. त्या माणसाचे आभार मानायचे राहून गेले, हे वडिलांना आयुष्यभर बोचत होतं. आता तर वय झालेलं. त्या वर्षी वडिलांच्या गावात असलेले सगळे फादर या फोटोत होते. वडिलांच्या मोतीबिंदूची पट्टी पुढच्या आठवड्यात सुटली की तेच चेहरा ओळखू शकणार होते, पण तिला कुठला दम निघतोय.

तिने घरच्या मुलाबाळांसकट हे सगळं सांगितलं. फादरांनी फोटो जवळ ओढला. मग खुर्चीवर बसलेल्या एका गंभीर फादरांवर त्यांनी बोट ठेवलं.

“हा. जाऊन बरीच वर्षं झाली. आभार मानायचे तर त्याच्या नावाने रोज प्रार्थना करा.”

तिला रडूच आलं. त्या दिवसापासून घरात जेवणाआधी खुर्चीवरच्या फादरांसाठी प्रार्थना सुरू झाली. एरवी अन्न समोर आल्यावर धीर नसलेली तिची मुलंसुद्धा डोळे मिटून बसू लागली, यातच सगळं आलं.

पट्टी सुटली. तिने फोटोची मोठी प्रत वडिलांपुढे धरली. त्यांची नजर खुर्चीवरून सरळ पुढे गेली आणि मागच्या रांगेत थांबली. काटकुळ्या तरुणावर बोट टेकवून ते म्हणाले, हेच. तिने पुन्हा पुन्हा खुर्ची दाखवली. वडील ऐकेनात. तो चेहरा त्यांना कुणी ओळखून द्यायची गरज नव्हती.

दुसऱ्याच दिवशी ती त्यांना घेऊन निवासात गेली. वडिलांनी फादरांकडे एकदा पाहिलं आणि त्यांचे दोन्ही हात धरले. नुसतेच डोळे वाहत राहिले. फादरांनीही हात सोडवून घेतले नाहीत.

तिला मात्र राहवेना. चक्क खोटं का बोललात, असं तिने विचारलंच.

“त्या पापाची देवापुढे कबुली देऊन झाली आहे,” फादर ओशाळं हसले. “खुर्चीवरचा माझा जिवलग. आम्हाला ना बायको, ना पोरंबाळं. मागे नाव घेऊन रोज प्रार्थना करणारं कोण असतं? तुझ्या बोलण्यात घर भरलेलं दिसलं. म्हटलं, मी तर अजून जिवंत आहे. हे घर त्याला मिळू दे.”