तपासलं होतं ना?

तिने उचललेला तेविसावा फोन एका बाईंचा होता. आधीच्या बावीस जणांसारख्या त्या भांडल्या नाहीत.

सकाळपासून कंपनीतल्या सगळ्यांनाच फोनवर बसवलं होतं. कंपनी दवाखान्यांसाठी रिपोर्ट साठवायचं सॉफ्टवेअर बनवायची. चार दिवसांपूर्वी कोणीतरी त्यात शिरून अकरा हजार पेशंटची नावं आणि त्यांचे आजार इंटरनेटवर उघड्यावर मांडले होते. प्रत्येकाच्या हातात एक छापील कागद दिला होता. लोकांनी काय विचारलं तर काय उत्तर द्यायचं, ते त्यावर होतं. त्यातली तिसरी ओळ अशी : आमच्या संपूर्ण कोडची सुरक्षा तपासणी रोज होते.

बावीस जणांना तिने ती ओळ वाचून दाखवली होती. 'संपूर्ण' या शब्दाशी जीभ दर वेळी अडखळत होती, कारण ती तपासणी तिनेच बसवली होती.

मशीन रोज सगळा कोड वाचायचं आणि चोराला कुठून वाट मिळेल ते दाखवायचं. पण सी प्लस प्लससारख्या भाषेत एक मेख असते. तो कोड आधी कंपाईल करावा लागतो, म्हणजे कॉम्प्युटरला चालवता येईल अशा रूपात आणावा लागतो, आणि तो होत असतानाच तपासणारं मशीन तो वाचतं. जे कंपाईल झालंच नाही, ते मशीनच्या लेखी नसतंच. आणि रिपोर्ट उघडणारा जुना भाग तपासणीच्या मशीनवर काही केल्या कंपाईल होईना. दोन दिवस तिने डोकं आपटलं. साहेबांना शुक्रवारी तपासणी पास झाल्याची हिरवी खूण हवी होती. सोमवारी बघू म्हणून तिने तो भाग वगळायची एक ओळ सेटिंगमध्ये टाकली. खूण हिरवी झाली, साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली, आणि मग कुठला सोमवार नि कुठलं काय. चौदा महिने उलटले. चोर त्याच भागातून आत आला होता. हे तिला काल दुपारी कळलं, आणि तिच्याशिवाय अजून कोणाला ठाऊक नव्हतं.

बाई सावकाश सांगत होत्या. त्या घरी कपडे शिवायच्या. मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला, परीक्षा चाललेली. बाईंच्या छातीत गाठ निघाली होती, ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. शनिवारी शेवटचा पेपर झाला की मुलीला जवळ बसवून सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. काय बोलायचं ते मनात जुळवूनही ठेवलं होतं. काल पेपर सुटल्यावर वर्गातल्या कोणीतरी मुलीला मोबाईलवर आईचं नाव असलेली ती यादी दाखवली. तेव्हापासून ती खोलीची कडी लावून बसली होती. जगाला माहीत आणि मलाच नाही, एवढंच म्हणाली होती. 'शनिवारी' म्हणताना बाईंचा आवाज फुटला. मग थोडा वेळ त्या नुसत्याच हुंदके देत राहिल्या.

"मला तक्रार करायची नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "एवढंच विचारायचंय. तुम्ही तपासलं होतं ना, ताई?"

तिने कागदावरची तिसरी ओळ पाहिली. मग कागद पालथा घातला.

"नाही," ती म्हणाली. "बाकीचं तपासलं होतं. तुमचे रिपोर्ट ज्या भागातून जायचे, तो मी वगळला. मला माहीत होतं. मी कोणाला सांगितलं नाही."

समोरच्या टेबलाशी साहेब होते. त्यांनी मान वर केली. शेजारचे दोघे बोलायचे थांबले.

आता शिव्या येतील म्हणून ती वाट पाहत राहिली. आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कालपासून इतकं सरळ कोणी बोललं नाही हो," बाई म्हणाल्या. "थांबा जरा. माझ्या पोरीला सांगा, शनिवारी मी सांगणारच होते म्हणून. माझ्यावर तिचा भरवसा राहिला नाही. तुमचं ऐकेल ती."

तिला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. नको म्हणायच्या आत दारावर टकटक ऐकू आली, हलक्या आवाजात काहीतरी विनवणी झाली, कडी सरकली, फोन दुसऱ्या हातात गेला, कडी पुन्हा लागली. साहेब एव्हाना तिच्या टेबलाशी येऊन उभे होते आणि फोन ठेवायची खूण करत होते. तिने मान हलवून नाही म्हटलं.

"हॅलो," कोवळा, घसा बसलेला आवाज आला. "आई मला खरंच सांगणार होती का?"

हो हा शब्द तिच्या ओठांवर येऊन थांबला.

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "त्या तसं म्हणाल्या. आणि म्हणताना रडत होत्या, ते मी ऐकलं."

"आई कधीच रडत नाही," मुलगी म्हणाली.

मग फोन गादीवर ठेवल्यासारखा मऊ आवाज आला. कडी सरकली आणि अनवाणी पावलं लांब गेली. आतल्या कुठल्याशा खोलीत बाईंचं शिलाई मशीन चालू होतं. ते थांबलं.